चौथ्या मजल्याचा ना-हरकत दाखला

४ जानेवारी, सकाळी ७.१०

यंदा स्वतःचं घर. ठरलं म्हणजे ठरलं. दरवर्षीच ठरतं, पण यंदा वहीत लिहिलंय. लिहिलेल्या गोष्टीला वजन येतं.

निमित्त घरमालकाच्या नोटिशीचं. ही इमारत पाडणार आहेत. ३० जूनपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या. नोटीस वाचून बायकोचा चेहरा उतरला. मी मात्र त्यातली संधी ताबडतोब ओळखली. माणसं तीन: मी, बायको, आई. बँकेने कर्जाला होकार दिलेला. लिफ्ट कंपनीत एकोणीस वर्षं नोकरी, आजवर एकही मेमो नाही. असं गिऱ्हाईक कोणाला नको असेल?

आजपासून रोज एक फ्लॅट बघायचा. रोज वही लिहायची. एजंटशी मोजकं बोलायचं.

१९ जानेवारी

वही राहिली. फ्लॅट बघण्यातच वेळ जातो. सात बघून झाले. विलक्षण योगायोग असा, की सातही फ्लॅट मी बघितल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत विकले गेले. एक तर मी जिना उतरेपर्यंतच गेला. म्हणजे माझी पारख बघा. मी ज्याच्यावर बोट ठेवतो त्याच्यावर सगळ्या शहराची झडप पडते.

हे एजंटला सांगितलं. तो बराच वेळ आपला टाय सारखा करत राहिला. मग म्हणाला, यापुढे फॉर्मवर आडनाव पूर्ण न लिहिता नुसतं पहिलं अक्षर लिहून बघू. जागा वाचावी म्हणून असेल. फॉर्मातले रकाने लहानच असतात.

बायको म्हणाली, रकाने लहान नाहीत.

बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. सुई टोचायची सवय बोलण्यातही उतरते.

२ फेब्रुवारी

आज एजंटने सरळच विचारलं, तुम्ही पुलापलीकडचे ना? मी म्हणालो, आईवडील पलीकडच्या रंगाच्या कारखान्यात होते, पण मी गेली बावीस वर्षं पुलाच्या अलीकडेच राहतोय. तो म्हणाला, अंतराचा प्रश्न नाहीये. मग कशाचा, ते त्याला नीट सांगता आलं नाही. एजंट लोकांचं शिक्षण कमी पडतं.

एक नोंद करून ठेवतो. पुलापलीकडच्या लोकांना शहरात कोणी घर विकत नाही, अशी तक्रार पलीकडे कायम चालू असते. माझा मामेभाऊ दर भेटीत हेच दळण दळतो. मी असल्या गोष्टी मानत नाही. आणि जी गोष्ट आपण मानतच नाही, ती आपल्याला लागू कशी होईल? मामेभावाला घर मिळत नाही कारण तो शर्टाला इस्त्री करत नाही.

तीन नवे शर्ट शिवायला टाकले.

११ फेब्रुवारी, दुपारी

सापडलं.

आणि कुठे, तर माझ्याच इमारतीत. 'माझ्या' म्हणजे मी जिची लिफ्ट सांभाळतो ती. सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट. अकरा वर्षं दर महिन्याला मी तिथे जातो, ब्रेक बघतो, दोर तपासतो, दारांची कुलपं तपासतो. चौथ्या मजल्यावरच्या बाई निवृत्त भूगोल शिक्षिका आहेत. एकट्याच राहतात. गुडघे पार गेलेत. आज ग्रीसचे हात पुसायला मी त्यांच्याकडे कागद मागितला, तर त्या म्हणाल्या, फ्लॅट विकून धाकट्या बहिणीजवळ तळमजल्यावर राहायला जायचंय, कोणी चांगलं माणूस असेल तर सांगा. मी म्हणालो, मीच आहे.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, बरं झालं, मला जाहिरात द्यावी लागणार नाही.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेला गॅलरी. भिंतीवर जगाचा नकाशा, कडा पिवळ्या पडलेला. आईला गॅलरीकडची खोली.

आता फक्त सोसायटीचा ना-हरकत दाखला. तो तर नुसता सोपस्कार. इथल्या प्रत्येक माणसाचा जीव गेली अकरा वर्षं माझ्या हातात आहे. याहून जवळचं नातं कुठलं असतं?

२० फेब्रुवारी

चेअरमनना भेटलो. दाताचे डॉक्टर, दुसरा मजला. फार गोड माणूस. बोलताना आपला हात हातात धरून ठेवतात. मूळचे कुठले, असं त्यांनी तीनदा विचारलं. भूगोलाची आवड सगळ्या इमारतीलाच असावी. मग वडील काय करायचे, सासर कुठलं, घरात अजून कोण असतं, येणंजाणं किती. एवढी आपुलकी हल्ली बघायला मिळत नाही.

शेवटी म्हणाले, घरच्या सगळ्यांना घेऊन चहाला या. कमिटीची ओळख होईल.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, चहा म्हणजे मुलाखत. मी म्हणालो, तू प्रत्येक गोष्टीत काहीतरी शोधतेस.

१ मार्च

आईच्या बोटांचा प्रश्न.

आईची बोटं निळी आहेत. चाळीस वर्षं रंगाच्या हौदात हात घातलेत तिने. कारखाना बंद पडला तरी पलीकडे बायकांची एक शेड आहे, तिथे ती अजून आठवड्यातून दोन दिवस जाते. गरज म्हणून नाही, करमत नाही म्हणून. पुलापलीकडच्या बायका हातावरून लांबूनच ओळखू येतात.

मला स्वतःला त्या बोटांचं काहीच वाटत नाही. पण पहिल्या भेटीत माणसाचं लक्ष विचलित होऊ नये, एवढंच. म्हणून लिंबू, सोडा, दगड, सगळं करून बघायला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, कातडं सोलल्याशिवाय निघायचं नाही. मग मी शाल सुचवली. हात शालीत ठेवायचे, चहा नको म्हणायचं.

आई म्हणाली, "उन्हाळ्यात शाल?"

मी म्हणालो, डॉक्टरांकडे एसी आहे. प्रत्येक अडचणीला माझ्याकडे उत्तर असतं.

८ मार्च, संध्याकाळी ६

चहापान उत्तम पार पडलं.

डॉक्टर, सेक्रेटरीबाई आणि आणखी चौघं. आमच्यासाठी कागदी कप होते, त्यांचे चिनी मातीचे. नव्या पाहुण्यांना कोरे करकरीत कप देण्याची पद्धत मला आवडली. सेक्रेटरीबाई प्रत्येक प्रश्नानंतर वहीत काहीतरी लिहीत होत्या. काटेकोर बाई.

आईने शाल घेतली होती. पण सेक्रेटरीबाईंनी बिस्किटाची बशी अगदी तिच्या नाकासमोर धरली आणि धरूनच ठेवली. शेवटी आईला हात बाहेर काढावा लागला. डॉक्टरांनी हळूच विचारलं, हे कशाने झालं?

आई म्हणाली, "रंगाने. तुमच्या सोफ्याच्या या कापडाचा रंग आमच्याकडचाच आहे."

डॉक्टर पुढे काहीच बोलले नाहीत. म्हणजे समाधान झालं. सेक्रेटरीबाईंनी मात्र सोफ्याच्या कापडावरून हात काढून मांडीवर घेतला.

निघताना कोणी दारापर्यंत आलं नाही. घरच्यासारखंच वागवलं.

२५ मार्च

निर्णय विचाराधीन. मधल्या काळात चौदा पानांचा फॉर्म भरायला दिलाय. इतकी चौकशी करून माणूस घेणारी इमारत म्हणजे राहायला किती सुरक्षित! सध्याच्या घराचे फोटो. महिन्याला किती पाहुणे येतात, कुठून येतात. इमारतीच्या परिचयातल्या तीन सज्जनांची नावं. प्रश्न एकतीस: घरात मोठ्याने बोललं जातं का? उत्तर लिहिलं, 'नाही'. अक्षरसुद्धा बारीक काढलं.

तळमजल्यावर नवं बिऱ्हाड आलंय, त्यांना भेटलो. त्यांना फॉर्म किती पानांचा होता, सहज विचारलं. ते म्हणाले, कसला फॉर्म?

विसरले असतील.

बायकोने पूर्ण भरलेला फॉर्म वाचला. पाहुण्यांच्या रकान्यात मी 'कोणी नाही' लिहिलंय. तिने विचारलं, माझा भाऊ कोण मग? मी म्हणालो, तो पाहुणा नाही, घरचाच आहे. ती हसली नाही.

आई हल्ली शेडवर जात नाही. मीच म्हटलं होतं, निर्णय लागेपर्यंत नको. गॅलरीत बसून असते.

९ एप्रिल

मासिक तपासणी. लिफ्ट ठणठणीत. बाईंनी वर बोलावलं.

त्या सांगत होत्या की आठ दिवस झाले त्यांच्याकडे पेपर येत नाही. रविवारी फक्त त्यांच्याच नळाचं पाणी जातं. लिफ्टमध्ये कोणी असलं की त्या आत शिरताच बाहेर पडतं. परवा दारासमोर कोणीतरी कचऱ्याचा डबा उपडा करून गेलं. वाकता येत नाही, म्हणून तो दोन दिवस तसाच होता.

मी समजूत घातली. पेपरवाले आळशी झालेत. पाण्याचा व्हॉल्व्ह जुना असेल. डबा मांजराने पाडला असेल.

बाई म्हणाल्या, "इथे मांजर नाही."

मग त्यांनी विचारलं, मला खरंच कळत नाहीये की मी कळून न कळल्यासारखं करतोय. मी म्हणालो, बाई, तुम्ही काळजी करू नका, दाखला आलाच समजा. त्या म्हणाल्या, काळजी माझी नाही वाटत. मी फ्लॅट देईन तर तुम्हालाच. चाळीस वर्षं वर्गात मी हेच बघत आले, मागच्या बाकावर कोणाला बसवतात ते.

निघताना त्यांचा दरवाजा आतून दोन कड्या लावून बंद झाल्याचा आवाज ऐकला. पूर्वी एकच कडी होती.

१७ एप्रिल

विचित्र. इमारतीची लिफ्ट कालपासून बंद आहे आणि कंपनीकडे तक्रारच नाही. वॉचमनला फोन केला, तो म्हणाला, डॉक्टरांना विचारा.

गेलो. वर मशीनरूममध्ये मेन स्विच पाडलेला, त्यावर चिकटपट्टी. खाली कागद: 'दुरुस्तीसाठी बंद'. दुरुस्ती मी करतो. मलाच माहीत नाही. सगळं तपासलं. मोटर, ब्रेक, दोर, पॅनल. काहीही बिघाड नाही.

डॉक्टर म्हणाले, राहू दे थोडे दिवस, सगळ्यांनाच जरा चालायचा व्यायाम. तुमच्या अर्जावर बैठक आहेच, ती होऊन जाऊ दे. माझा हात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

वीजबचत असणार. मोठ्या इमारतींत हल्ली करतात. मशीनरूमच्या दोन किल्ल्या आहेत, एक डॉक्टरांकडे, एक माझ्याकडे. पण होऊ घातलेल्या सभासदाने नियमात राहिलेलं बरं.

२० एप्रिल

बाईंचा फोन. चार दिवस खाली उतरता आलेलं नाही. वॉचमन भाजी आणून देत होता, त्याला कोणीतरी मनाई केली. चोवीस तारखेला सकाळी अकराला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचंय. ते चुकलं तर तो डोळा जाईल असं डॉक्टरांनी, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांनी, सांगितलंय. फक्त तासभर लिफ्ट चालू कराल का, असं विचारत होत्या.

मी म्हणालो, अवश्य. लगेच अर्ज लिहायला घेतला. 'मा. चेअरमन यांस, एका तासापुरती लिफ्ट चालू करण्यास परवानगी मिळावी.' दोनदा खाडाखोड झाली, म्हणून तिसऱ्यांदा स्वच्छ लिहिला. डॉक्टरांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, सव्वीसच्या बैठकीत ठेवतो.

इंजेक्शन चोवीसला आहे, ही गोष्ट मी त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, बघू.

'बघू' म्हणजे जवळजवळ होच.

२३ एप्रिल, संध्याकाळी

बाईंचा पुन्हा फोन. उद्या साडेनऊला मी स्वतः येतो, दहाला लिफ्ट चालू असेल, असा शब्द दिला. प्लॅन पक्का: आधी डॉक्टरांना भेटायचं, तोंडी परवानगी घ्यायची, मग वर.

बायकोने विचारलं, किल्ली तुझ्या खिशात आहे ना? मी शांतपणे समजावलं की प्रश्न किल्लीचा नाही, शिस्तीचा आहे. सव्वीसला बैठक आहे. अकरा वर्षांची कमाई एका तासासाठी पणाला लावायची नसते. ती म्हणाली, त्या बाईंनी त्यांचं सगळं पणाला लावलंय. मग लॅबचे कपडे धुवायला गेली.

गजर सातचा लावला.

२४ एप्रिल

साडेनऊला पोचलो. डॉक्टर दवाखान्यात गेलेले. वाट बघितली. पावणेदहाला फोन लागला नाही. दहाला लागला. ते म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे, परवापासून तुम्ही आमच्यातलेच. आता तुम्हीच ठरवा.

मी सातव्या मजल्यावर गेलो. मशीनरूमच्या दारासमोर उभा राहिलो. किल्ली हातात घेतली होती. किती वेळ, ते आठवत नाही.

खालून आवाज आला. मला वाटलं कोणीतरी गोणी टाकली.

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे. बाई वळणावर पडल्या होत्या, एक पाय उलटा. शुद्धीवर होत्या. चष्मा शोधत होत्या. मी चष्मा उचलून दिला, तर म्हणाल्या, दहा वाजून गेले ना, मला वाटलं तुम्ही अडकलात कुठेतरी.

दुसऱ्या मजल्यावरची दारं थोडी उघडली आणि मिटली.

स्ट्रेचर जिन्यात वळेना. मग मी वर जाऊन लिफ्ट चालू केली. अर्धं मिनिट लागलं. एकदम गुळगुळीत चालली. प्रत्येक मजल्याशी पट्टी लावल्यासारखी थांबत होती.

२६ एप्रिल

काल लिहिलं नाही.

खुब्याचं हाड मोडलंय. इंजेक्शन राहिलं ते राहिलंच.

डॉक्टर आज आमच्या घरी आले. एवढा मोठा माणूस, दोन जिने चढून. आई गॅलरीत होती, तिच्याकडे बघून त्यांनी मान हलवली. म्हणाले, बाईंनी हॉस्पिटलमधून पोलिसांकडे तक्रार लिहून दिलीय की लिफ्ट मुद्दाम बंद ठेवली होती. म्हातारपणी माणसाच्या मनात काय काय येतं. तुम्ही एक रिपोर्ट द्या. सोळा ते चोवीस ब्रेक खराब होता, सुरक्षेसाठी लिफ्ट बंद ठेवावी लागली. म्हणजे कोणाचाच दोष राहत नाही. बैठक पुढे ढकललीय, रिपोर्ट आला की त्याच बैठकीत तुमचा दाखला.

जाताना म्हणाले, इमारत म्हणजे कुटुंबच असतं.

ते गेल्यावर आईने एवढंच विचारलं, ब्रेक खराब होता का?

मी म्हणालो, तुला त्यातलं कळणार नाही.

२८ एप्रिल

रिपोर्ट दिला. सही, शिक्का, तारीख.

तांत्रिकदृष्ट्या तो खोटा नाही. कुठलाही ब्रेक वापराने झिजतोच. झिजलेला म्हणजे पूर्णपणे चांगला नाही. पूर्णपणे चांगला नाही म्हणजे काही अंशी खराब. कोणीही इंजिनियर हे मान्य करेल. शिवाय बाईंचं हाड रिपोर्टने मोडलेलं नाही, त्याच्या आधीच मोडलंय. आणि दाखला आला तर त्यांचाही फ्लॅट विकला जाईल, उपचारांची सोय होईल. म्हणजे हे मी मुख्यतः त्यांच्यासाठीच केलं.

बायकोला हे सगळं क्रमाने सांगितलं. तिने ऐकलं आणि माळ्यावरून रिकामी खोकी काढली. मी म्हणालो, इतक्यात कशाला, अजून दोन महिने आहेत. ती भांडी कागदात गुंडाळत राहिली.

५ मे, दुपारी ४

हॉस्पिटलमध्ये गेलो. फळं नेली. बाई खूप लहान दिसत होत्या. एका डोळ्याने दिसत नाही, म्हणून मान वळवून बघतात.

पोलिसांनी त्यांना माझा रिपोर्ट वाचून दाखवला होता. त्यांनी विचारलं, ब्रेक खरंच बिघडला होता का?

मी म्हणालो, "हो."

त्यांनी मान सरळ करून पुन्हा उशीवर टेकवली. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगताय म्हणजे असणारच. मी उगाच त्या लोकांवर आळ घेतला."

तक्रार मागे घेते म्हणाल्या. पेन मागितलं. मीच दिलं.

बसमधून उतरायचा स्टॉप चुकला. पुढे डेपोपर्यंत गेलो.

१९ मे

पत्र आलं. इथे उतरवून ठेवतो, कारण भाषा सुरेख आहे.

'आपण स्वतः दिलेल्या अहवालानुसार, आपल्या देखरेखीखालील लिफ्ट नऊ दिवस धोकादायक अवस्थेत होती व त्या काळात एका ज्येष्ठ सभासदास गंभीर दुखापत झाली. सभासदांच्या सुरक्षिततेचा विचार करता आपला अर्ज मान्य करणे कमिटीस शक्य होत नाही. तसेच देखभालीचा करार या पत्रान्वये संपुष्टात आणण्यात येत आहे. आपल्या सामाजिक पार्श्वभूमीचा या निर्णयाशी कोणताही संबंध नाही.'

मी पार्श्वभूमीबद्दल काही विचारलंच नव्हतं.

चार वेळा वाचलं. डॉक्टरांना फोन केला. उचलला नाही. दवाखान्यात गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, दात कुठला दुखतोय? मी म्हणालो, दात नाही. मग आत सोडता येणार नाही म्हणाली.

२३ मे

कंपनीने मेमो दिला. पहिलाच. माणसांच्या लिफ्टवरून काढून गोदामांच्या मालवाहू लिफ्टवर टाकलंय. साहेबांनी विचारलं, ब्रेक खराब होता तर नऊ दिवसांत लॉगबुकात नोंद का नाही, आणि खराब नव्हता तर रिपोर्ट का दिला? दोन्हींपैकी एकाचं उत्तर द्या म्हणाले. मी वेळ मागून घेतला.

मालवाहू लिफ्टचं काम तसं निवांत असतं. पोती तक्रार करत नाहीत.

२ जून

अजून अठ्ठावीस दिवस. नवा आराखडा: कमिटीकडे फेरविचार अर्ज, त्याच्या वर निबंधकांकडे अपील, तोपर्यंत एजंटकडून आणखी दहा फ्लॅट. एजंटला फोन केला. तो म्हणाला, नंबर चुकला. आवाज त्याचाच होता.

बाईंचा फ्लॅट गेला म्हणे. बहीण आजारी, म्हणून त्यांचा पुतण्या आला होता, त्याने कोणालातरी दिला. वॉचमन सांगत होता, नव्या लोकांनी गॅलरीला जाळी लावलीय.

संध्याकाळी बायकोने सांगितलं की तिने आणि आईने पुलापलीकडे दोन खोल्या बघून ठेवल्यात. आईच्या शेडमधल्या मैत्रिणीच्या घराचा वरचा मजला. आगाऊ भाडंही देऊन झालं. मला का नाही विचारलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू फॉर्म भरत होतास.

२८ जून

सामान हलवलं. मामेभाऊ आला होता. शर्टाला कडक इस्त्री. दिवसभर कपाटं उचलली, एका शब्दाने टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

घरमालकीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला, माणसं किती. मी सवयीने माझी नोकरी, माझे संदर्भ, माझा बँकेचा कागद, असं सगळं सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, एवढं नको हो, पाण्याची टाकी भरायची म्हणून विचारलं.

आई लगेच शेडवर गेली. संध्याकाळी बायकांमधे बसून हसत होती. मी हाक मारली, तिला ऐकू आली नाही. किंवा आली असेल.

१ जुलै

एक गोष्ट इथे लिहितो. ही वही कोणी वाचत नाही.

ब्रेक चांगला होता. दाखला मला कधीच मिळणार नव्हता. हे मला चहाच्या दिवशीच कळलं होतं. कदाचित त्याच्याही आधी, शर्ट शिवायला टाकले तेव्हाच. मशीनरूमच्या दारासमोर मी वीस मिनिटं उभा होतो.

हेच एका कागदावर उतरवलं, सही केली, तारीख घातली. पोलिसांना द्यायचं, पण आधी बाईंना वाचून दाखवायचं. बायकोला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, उद्याच जा.

६ जुलै

दुसऱ्याच दिवशी जाणार होतो. गोदामात काम निघालं. मग पाऊस. मग म्हटलं, रविवारी निवांत जाऊ.

आज गेलो. कागद पाकिटात घातला होता. बाईंच्या पलंगावर दुसरंच कोणीतरी झोपलेलं. खिडकीवर फळांच्या साली.

काउंटरवर चौकशी केली. नर्सने रजिस्टर बघितलं. म्हणाली, त्यांना तीन तारखेला पुतण्या घेऊन गेला, त्याच्या गावी. पत्ता आहे, पण नातेवाइकांखेरीज कोणाला देता येत नाही. तिने फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "नातं काय?"

मी पाकीट या हातातून त्या हातात घेतलं. तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "शेजारी होणार होतो."

तिने तो रकाना कोरा ठेवला आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे यायला सांगितलं.